पुलावर एकटीलाच पाय

एदो,
माकडाचे वर्ष, चौथ्या महिन्याची नवमी

ती. ताईस,
सेइताचा शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र नाववाल्या कुमाझोच्या हस्ते पोचले. रताळ्यांची करंडीही पोचली. तू लिहिलेस तितकी ती भरलेली नव्हती आणि कुमाझोच्या दाढीला राख लागली होती. हे पत्रही त्याच्याच नावेने कावागोएला येणार आहे.

मी खुशाल आहे. पोट एकदाच बिघडले, तेही काळजीने. काळजीचे कारण आनंदाचे आहे.

आमच्या हिकोबेइ मालकांनी मला चित्रकार शोएन म्हाताऱ्यांचे नवे चित्र कोरायला दिले आहे. निहोनबाशीचा पूल, उन्हाळ्याची संध्याकाळ, आणि पुलावर सगळे एदो लोटलेले: मासळीवाले, पालखीचे भोई, सामुराई, टोफूवाला, कुत्री. मागे गड आणि फुजी. डोकी आणि केस मालक स्वतः कोरणार, कारण केसांची रेघ अजून माझ्या हाताला झेपत नाही. कपडे, हातपाय, पूल, पाणी हे सगळे माझे. आणि ताई, काम नीट उतरले तर चित्राच्या कडेला, चित्रकाराच्या सहीखाली, ‘कोरणारा सेइता’ अशी अक्षरे येतील. आमच्या धंद्यात ज्याचे नाव एकदा कडेला आले तो कारागीर. तो एदोत कुठेही गेला तरी त्याला काम मिळते. ज्याचे आले नाही तो जन्मभर दुसऱ्याच्या छिन्न्या घासतो. मी दहा वर्षे घासल्या आहेत. ओबोनला पितर घरी येतात, त्याच्या आत चित्र दुकानात लागायला हवे, कारण सणाला गावाकडे जाणारे लोक एदोची आठवण म्हणून असली चित्रे नेतात.

काल चित्र फळीवर चिकटवले. हे तुला वाटते तितके सोपे नाही. पातळ कागदावरचे चित्र तोंड खाली करून चेरीच्या फळीवर खळीने चिकटवायचे, वरचा कागद बोटाने चोळून काढायचा, आणि रेघा सोडून बाकीचे लाकूड खणायचे. कोरता कोरता मूळ चित्र नाहीसे होते. दुसरे नसते. लाकूडही एकदा खणले की गेले. काढणे सोपे, घालणे कठीण. त्यातून शोएन म्हातारे शाई इतकी ओततात की कागदाच्या दोन्ही बाजू सारख्याच काळ्या. अक्षरे असती तर बाजू कळली असती. पण दुकानांच्या पाट्या कोऱ्या आहेत, कारण कुठल्या दुकानाचे नाव घालायचे यावर प्रकाशकाची घासाघीस चालू आहे; ती अक्षरे आमच्याकडचा अक्षरे कोरणारा मागून वेगळ्या लाकडावर कोरून बसवील. सहीसुद्धा म्हातारे छापील प्रत बघितल्याशिवाय देत नाहीत. तेव्हा मी कागद उलटून खात्री करून घेतली. मग ती खात्री बरोबर होती का याची खात्री केली. आणि खळ लावण्याआधी पुन्हा एकदा. मालक म्हणाले की इतक्या वेळा तर नवरीचं तोंडही कुणी बघत नाही.

तुझ्या सासूबाई कशा आहेत? मागच्या पत्रात त्या संध्याकाळपर्यंत जाणार असे होते. पुढे काही कळले नाही. तूर्त मी सुतक धरलेले नाही. चुकले असल्यास कळवावे.

दाजींस नमस्कार. माझ्यावर जी माया आहे ती निदान ओबोनपर्यंत पातळ होऊ देऊ नये.

तुझा
सेइता

ता. क. मागच्या पत्रात ‘रताळी’ तू दोन वेगळ्या तऱ्हांनी लिहिली आहेस. राग मानू नकोस.


कावागोए,
चौथ्या महिन्याची पौर्णिमा

चि. सेइतास,
ताईचे अ. उ. आ.

रताळी दोन तऱ्हांची होती, म्हणून दोन तऱ्हांनी लिहिली. आता पुढे वाच.

तुझी बातमी घरात सगळ्यांना वाचून दाखवली. दाजींना आनंद झाला, पण तो त्यांच्या पद्धतीचा. म्हणाले की नाव आलं तर उत्तमच, नाही आलं तर रताळ्यांच्या कोठारात तराजू धरायला माणूस हवाच आहे. तू त्याचा अर्थ वाईट घेऊ नकोस. त्यांच्या दृष्टीने जगात माणसं दोनच प्रकारची, तराजू धरणारी आणि अजून न धरणारी.

सासूबाई गेल्या नाहीत. त्या दिवशी संध्याकाळी जायचं अगदी ठरलं होतं. आम्हाला सगळ्यांना बोलावून झालं, माझे दोष सांगून झाले, डोळे मिटून झाले. तेवढ्यात शेजारणीने ईल मासा भाजायला घेतला. त्या एक डोळा उघडून म्हणाल्या की उद्या बघू.

त्यांनी जायचा किमोनो शिवून ठेवलाय हे तुला ठाऊकच आहे. पांढरा, धाग्याला एकही गाठ न मारता शिवलेला, कारण गाठ राहिली तर जीव अडकतो म्हणतात. गाठ नाही म्हणून दोरा सारखा सुटतो, आणि दोरा सुटला की बोलणी मला. परवा त्याला ऊन दाखवायला काढला आणि त्यांना वाटलं, घालूनच बघू. आपण जिवंत माणसं डावी बाजू वर घेतो. त्यांनी मेलेल्याला नेसवतात तशी उजवी वर घेतली, कपाळाला पांढरा त्रिकोण बांधला आणि अंगणात उभ्या राहून मला विचारलं की मागून लांबी बरोबर आहे का. त्याच वेळी कुमाझो करंड्या उचलायला आत आला. तो जो पळाला तो थेट नावेत, आणि नावही त्याने सोडली. त्या खेपेला रताळी गेलीच नाहीत. दाजी दोघांशीही बोलत नाहीयेत.

तुझ्या कामाबद्दल सासूबाईंचं मत असं, की जो पोरगा न्हाणीघरात शिरायच्या आधी पाय पुसतो, त्याच्या हातून चूक व्हायचीच झाली तर ती फार काळजीपूर्वक होईल. मी त्यांना तसं बोलू नका म्हटलं. पोट सांभाळ. हसतमुख राहा, आणि आमची आठवण पोट बिघडलेलं नसतानाही काढत जा.

तुझी ताई
किनु


एदो,
सहाव्या महिन्याची तृतीया

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र दाजींना मोठ्याने वाचून दाखवू नये.

सोबत वाळवलेले मासे पाठवत आहे. ज्या कागदात ते गुंडाळले आहेत तो नीट उलगडून बघ. ते माझे चित्र आहे.

ताई, मी ते उलटे चिकटवले होते. मी तीनदा उलटून खात्री केली. दोनदा करून थांबलो असतो तर बरोबर चिकटले असते.

आमच्या कामात फळीवर सगळे उलटे दिसावे लागते, म्हणजे कागदावर सुलटे येते. दहा वर्षे मी फळीवर जी माणसे कोरत आलो ती सगळी उजवी बाजू वर घेतलेली, प्रेतासारखी; कागदावर उतरली की ती जिवंत होतात. या वेळी फळीवरची माणसे जिवंत दिसत होती. सबंध महिनाभर मला हे काम फार प्रसन्न वाटत होते आणि ते का हे कळत नव्हते. मी मालकांनाही म्हणालो की या फळीत काही वेगळेच तेज आहे. मालक बघायला आले नाहीत. त्यांची डोकी कोरून झाली होती, आणि केसांच्या बुचड्याला डावे-उजवे नसते.

छापणाऱ्या उशिमात्सुने पहिला कागद उचलला, उजेडात धरला, आणि हात जोडून बुद्धाचे नाव घेतले. मग मला विचारले की साथ कसली आली होती. चित्र तुझ्यापुढे आहेच. निहोनबाशीवरचा एकूण एक माणूस प्रेतासारखा नेसलेला आहे. सामुराईंच्या तलवारी उजव्या कमरेला आहेत. फुजी गडाच्या डावीकडे असतो तो उजवीकडे गेला आहे. पाट्यांची अक्षरे तेवढी सुलटी, कारण ती मागून बसवली. त्यामुळे शहर मेलेले आणि दुकाने चालू, असे झाले आहे. पुलाच्या तोंडाशी दीर्घायुष्याच्या गोळ्यांचे दुकान आहे. सर्वांत जास्त गर्दी तिथे आहे.

मालक ओरडले असते तर बरे झाले असते. ते खाली बसले, चिलीम भरली आणि पेटवायला विसरले. म्हणाले की एदोला इतक्या आगी लागल्या, पण सगळं शहर एका दमात कुठलीच आग मारू शकली नाही. तू ते वाटीभर खळीत केलंस. मग शांतपणे म्हणाले की ओबोनच्या आत दुसरं चित्र मिळत नाही, मिळालं तरी कोरून होत नाही, आणि या घराच्या चित्रावर आता तुझं नाव येणं कठीण आहे. सण झाला की बहिणीकडे जा.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे न्हाणीला गेले असताना मी एक मूर्खपणा केला. पुलाच्या मधोमध टोफूवाल्यापुढे एक बाई उभी होती. तिला मी खणून काढले, त्या खाचेत चेरीचे ठिगळ बसवले, आणि त्यावर कागदावर सुलटी येईल अशी, डावी बाजू वर घेतलेली बाई कोरली. ती म्हातारी झाली. मला चित्रकला येत नाही. जे बघितले आहे तेच हातातून येते. मला वाटले होते की अशी एकेक करून सगळ्यांना जिवंत करीन. मालक न्हाऊन आले आणि मागे उभे राहिले. म्हणाले की एवढ्या गर्दीला ठिगळं लावलीस तर ते चित्र नाही, गोधडी होईल. तुला पाठवलेली प्रत या एका ठिगळानंतरची आहे.

शोएन म्हाताऱ्यांना अजून कोणी सांगितलेले नाही. ते मी सांगायचे आहे. त्यांनी पूर्वी एका कोरणाऱ्याला कालव्यात ढकलले होते, आणि त्याने फक्त एक भुवई आखूड केली होती.

कोठारात माझ्यापुरती जागा अजून आहे का, ते दाजींना सहज विचारल्यासारखे विचारावे. मी लोभाला पात्र राहिलेलो नाही. तरी तू लोभ ठेवशील, हे मला ठाऊक आहे आणि त्याचीच लाज वाटते.

सेइता


कावागोए,
सहाव्या महिन्याची दशमी

चि. सेइतास,
अ. उ. आ.

मासे मांजराने नेले. चित्र वाचलं.

आधी मला त्यात काही वावगं दिसलं नाही. सुरेख पूल, सुरेख गर्दी. मग एकाच्या गळ्याकडे नजर गेली, मग दुसऱ्याच्या, आणि मी जी हसायला लागले ती भिंतीला धरून खाली बसले. तुझं दुःख मला कळत होतं रे, पण ते भोई इतक्या घाईने निघालेत, आणि कुठे. दाजी धावत आले. त्यांना वाटलं आई गेली. आई गेली आणि बायको हसतेय, असं त्यांना वाटलं. पुढे ते काय बोलले ते मी लिहीत नाही.

सासूबाईंनी चित्र माझ्या हातातून ओढून घेतलं आणि खिडकीपाशी जाऊन बसल्या. जेवायलाही उठल्या नाहीत. त्यांचं म्हणणं असं, की देवळातले भिक्षू जन्मभर पलीकडच्या जगाचं वर्णन करत आले ते सगळं कमळांचं आणि सोन्याचं; एकाही दुकानाचा उल्लेख नाही. इथे बघ, टोफू आहे, मासळी आहे, पालखी मिळते, गप्पा मारायला माणसं आहेत. हे आधी कोणी सांगितलं असतं तर मी कधीच निघाले असते. कुमाझो आला तेव्हा त्याला जवळ बोलावून पुलावर त्याचीही जागा दाखवली. तो आला तसा पळाला.

पण त्यांना काम पसंत नाही. म्हणाल्या की अर्धवट केलंय. मेलेल्या माणसाला पाय कुठून आले? शेंबड्या पोराला विचारलं तरी सांगेल की मेलेल्याला कमरेखाली धूर असतो. सेइताला लिही, एकतर माणसं नीट जिवंत ठेव नाहीतर नीट मार, असं मधलं काम आमच्याकडे रताळ्यातही चालत नाही.

मी हे तुला गंमत म्हणून लिहायला बसले आणि मध्येच थांबले. मला तुझ्या लाकडातलं काही कळत नाही. पण काढणं सोपं, घालणं कठीण, हे तूच लिहिलं होतंस. पाय तर काढायचेच आहेत ना?

ती टोफूवाल्यापुढची म्हातारी आम्ही बघितली. एक हात कमरेवर, कोपर बाहेर, आणि दुसऱ्या हाताचं बोट त्या बिचाऱ्याच्या टोफूत. कोण आहे ते मी तुला विचारत नाही. सासूबाईंनीही विचारलं नाही. ही मी, एवढंच म्हणाल्या, आणि त्यानंतर संध्याकाळपर्यंत माझा एकही दोष काढला नाही. आमच्या घरात असं होत नाही.

दाजी म्हणतात जागा आहे. पण तू प्रत्येक रताळं तीनदा उलटून बघशील आणि हंगाम संपेल, अशी त्यांना भीती आहे. तेव्हा आधी त्या म्हाताऱ्याकडे जा. सोबतची रताळी त्याच्यासाठी आहेत, गरम करून ने. कालव्यात ढकललंच तर तुला पोहता येतं. इथून आशीर्वाद आणि थोडं हसू, दोन्ही पाठवतेय. लागेल ते घे.

किनुताई


एदो,
सहाव्या महिन्याची वद्य अष्टमी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मी कोरडा आहे.

शोएन म्हातारे फुकागावात कालव्याच्या अगदी काठावर राहतात. मी पाण्यापासून लांबच्या बाजूला बसलो. रताळी पुढे केली, चित्र पुढे केले आणि कपाळ जमिनीला टेकवले. वर रताळे सोलल्याचा आवाज आला. मग त्यांनी विचारले की ही म्हातारी कोणाची, ही माझी नव्हे. मी म्हणालो माझी. ते म्हणाले की हिचा हात वाकडा आहे, पण हिला टोफू खरंच हवाय. माझ्या बाकीच्या गर्दीला काहीच नकोय. मी खालूनच म्हणालो की बाकीच्यांना काही नको असण्याचे कारण वेगळे आहे. तेव्हा त्यांनी चित्र डोळ्यांजवळ नेले.

त्यांना ठसका लागला. मला वाटले राग. ते रताळे होते. हसताना ते घशात अडकले होते आणि मला त्यांच्या पाठीत बुक्क्या माराव्या लागल्या. माझ्या धंद्यात चित्रकाराच्या पाठीत बुक्की मारणारा मीच पहिला असेन. श्वास आल्यावर त्यांनी फुजी उजवीकडे कसा हे विचारले. मी म्हणालो तोही उलटा आला. ते म्हणाले की उलटा कशाला, पलीकडच्या बाजूने बघितलं तर तिथेच दिसणार.

मग मी तुझ्या सासूबाईंचे म्हणणे सांगितले, शब्दही न गाळता. शोएन म्हातारे एकदम गंभीर झाले. म्हणाले की पस्तीस वर्षांत माझ्या चित्रावर इतकं खरं कोणी बोललं नाही, ही बाई कुठे असते. मग लाल शाईत कुंचला बुडवून एकेकाचे पाय खोडत सुटले. भोयांचे खोडताना म्हणाले की यांचे जन्माचे फोड गेले. सामुराईचे खोडताना म्हणाले की आता हा मागे सरला तरी कुणाला कळायचं नाही. कुत्र्यांचे राहू दिले. कुत्र्यांनी काही केलेले नाही म्हणाले. शेवटी म्हातारीपाशी येऊन कुंचला थांबला. म्हणाले, हिला ठेव. ही टोफू घ्यायला आली आहे, हिला पत्ताच नाही.

ते चित्र घेऊन मी दुकानापर्यंत पळत आलो. मालकांनी ते बघितले, चिलीम भरली, आणि या वेळी पेटवली. त्यानंतर आम्ही दोघे फळीच्या दोन बाजूंना बसून पाय तासत होतो. मालक हसत नव्हते, पण त्यांचे खांदे हलत होते.

चित्राचे नाव आता ‘ओबोनची संध्याकाळ: यात जिवंत कोण?’ असे आहे. सरकारी तपासनीसांकडे नेले तेव्हा मला पुन्हा पोटात कळ आली. त्यांनी सगळे नियम चाळले. नटांची चित्रे बंद, गणिकांची बंद, भपकेबाज कपडे बंद. मेलेल्यांविषयी काही सापडले नाही. फक्त विचारले की यांच्या अंगावर रेशीम तर नाही ना. मालक म्हणाले सगळे सुती आहे. शिक्का मिळाला.

आता एक काळजी उरली आहे. मालक म्हणाले की काम तुझं आहे, नाव घालायचं तर घाल. मी दहा वर्षे ज्याची वाट बघितली ते हेच. पण उशिमात्सु आणि बाकीचे म्हणतात की मेलेल्यांच्या चित्रावर जिवंत माणसाने नाव घालू नये. कडेला नाव म्हणजे त्या गर्दीतले पुढचे नाव. मालकांनीही स्वतःचे घातलेले नाही. नाव घातले नाही तर मी ओबोननंतर आहे तिथेच आहे, आणि पुढचे चित्र मला कोण देईल? घातले तर रात्रभर झोप नाही. शोएन म्हातारे चार-पाच दिवसांत सही देतील, तोपर्यंत ठरवायचे आहे. कुमाझोला उत्तरासाठी थांबायला सांगितले आहे. तुझा लोभ आहेच. या वेळी सोबत थोडे धैर्यही बांधून पाठवावे.

तुझा
सेइता


कावागोए,
सहाव्या महिन्याची वद्य दशमी

चि. सेइतास,
अ. उ. आ.

कुमाझो दारात उभा आहे, आत यायला तयार नाही, म्हणून घाईत लिहितेय.

मी रात्रभर विचार केला आणि मला काही सुचलं नाही. सासूबाईंनी विचार केला नाही. म्हणाल्या की यात विचारायचं काय, गर्दी मेलेली आहे तर गर्दीत नाव घालू नये, इतकं त्याच्या मालकाच्या लोकांना कळतं ते बरोबर आहे. पण पुलावर एक बाई पायांवर उभी आहे. तिच्या पायांशी घाल म्हणावं. मी त्याला तिथून कुठे जाऊ देणार नाही.

त्या हे अगदी सहज बोलल्या आणि मग मला म्हणाल्या की चहा पांचट झालाय.

ताई


एदो,
सातव्या महिन्याची दशमी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

चित्र लागले. सोबत पहिली चांगली प्रत पाठवत आहे, या वेळी माशांशिवाय. कुमाझोने ती नावेत स्वतःपासून लांब ठेवायचे कबूल केले आहे.

तुझ्या सासूबाईंनी सांगितले तसेच केले. म्हातारीच्या ठिगळात, तिच्या पायांशेजारी, पुलाच्या फळीवर बारीक अक्षरांत नाव कोरले. ते उलटे कोरायचे होते. उलटे आहे याची मी एकदाच खात्री केली आणि हात पाठीमागे बांधून उभा राहिलो. फार कठीण गेले.

दुकानापुढे लोक थांबतात, चित्राचे नाव वाचतात, आणि जिवंत कोण ते शोधू लागतात. कुणी गोळ्यांच्या दुकानापासून सुरुवात करतो, कुणी सामुराईंपासून. एका बाईने आपल्या नवऱ्याला बोट करून दाखवले की हे बघा तुम्ही, पाय नाहीत. गोळ्यांच्या दुकानाचा मालक भांडायला आला होता. शोएन म्हातारे तिथेच बसले होते. त्यांनी त्याला समजावले की ज्यांनी गोळ्या वेळेवर घेतल्या नाहीत ते आता रांगेत आहेत, याहून चांगली जाहिरात कोणती? तो विचारात पडून परत गेला आणि नंतर नोकराला पाठवून दोन प्रती नेल्या.

शेवटी सगळ्यांना म्हातारीचे पाय सापडतात. आणि पायांपाशी माझे नाव आहे. लोक ते मोठ्याने वाचतात, ताई. मी दुकानाच्या मागच्या खोलीत बसून ऐकतो. मालकही ऐकत होते. म्हणाले की माझं नाव इतकी वर्षं कडेला आहे, ते आजवर एका माणसाने वाचलेलं नाही. कडेला कोण बघतो.

त्यांनी मला पुढचे चित्र दिले आहे. बर्फातला पूल. पाट्यांवर अक्षरे आहेत का ते आधी बघितले. आहेत.

तुझ्या सासूबाईंना माझा साष्टांग नमस्कार सांगावा, आणि त्या या ओबोनला कुठेही न जाता घरीच असाव्यात, ही या वेळची विनंती.

तुझा
सेइता


कावागोए,
सातव्या महिन्याची वद्य पंचमी

चि. सेइतास,
अ. उ. आ.

ओबोन झाला. तुझं चित्र सासूबाईंनी देव्हाऱ्यापाशी, मामंजींच्या नावाच्या पाटीसमोर उभं केलं. पितर आले असतील तेव्हा मामंजींना त्यांनी काय सांगितलं ते आम्ही सगळ्यांनी ऐकलं. म्हणाल्या की हे बघा, तुम्ही कुठे असाल ते असा, गर्दीत मला दिसत नाही. मी ही, मधोमध. पाय बघून घ्या. माझं अजून टोफूवाल्याशी मिटलेलं नाही, तेव्हा तुम्ही पुढे व्हा.

सगळ्या आळीने चित्र बघून झालं. कुणालाही म्हातारी शोधू देत नाहीत, आधीच बोट ठेवतात. मग तुझं नाव वाचायला लावतात. त्यांना स्वतःला वाचता येत नाही, पण कुणी चुकीचं वाचलं तर कळतं.

सोबतचं गाठोडं त्यांच्याकडून आहे. आता तू कारागीर झालास, कारागिराला कमरेला बांधायला स्वतःचा फडका हवा, मालकाचा नव्हे, असं त्यांचं म्हणणं. कापड ओळखलंस का? त्यांनी जायचा किमोनो उसवला. मी नको म्हटलं, निदान विचारून बघितलं की मग तुम्ही काय घालून जाणार. तर म्हणाल्या की तेव्हाचं तेव्हा, आत्ता माझ्याकडे तसलं काही नाही म्हणजे मला जाताच येणार नाही.

सगळा पुन्हा स्वतः शिवलाय. डोळ्यांना दिसत नाही, चार ठिकाणी सुई बोटात गेली, पण मला हात लावू दिला नाही. आणि या वेळी प्रत्येक टाक्याला गाठ मारली आहे. त्याला सांग, म्हणाल्या, की सुटणार नाही. आणि हेही सांग, की याला डावंउजवं नाही, उलटंसुलटं नाही, दोन्ही बाजू मी सारख्याच केल्या आहेत. तेव्हा उगाच उलटून बघत बसू नये.

आम्ही सगळे पायांवर आहोत. तूही राहा.

किनुताई


एदो,
सातव्या महिन्याची वद्य दशमी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फडका पोचला. बांधला. गाठी पोटाला टोचतात; कळ आल्याचा भास होतो, पण कळ नसते.

सासूबाईंना सांगावे की दोन्ही बाजू खरोखरच सारख्या आहेत. मी तीनदा बघितले.

सेइता
कोरणारा